तीन टेराबाइट छायाचित्रांची साठवण आणि बॅकअप : सांगलीतून सल्ला हवा आहे

कृष्णातीर, सांगली

नमस्कार.

घरात अनेक वर्षांत साठलेल्या छायाचित्रांची कायमची व्यवस्था लावायची आहे, त्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे. सगळे मिळून सुमारे तीन टेराबाइट होते. सर्वांत जुना भाग वडिलांनी आणि काकांनी काढलेल्या कृष्णधवल छायाचित्रांचा आहे. आयर्विन पूल, सरकारी घाट, गणपती मंदिराचे आवार, हरिपूरचा संगम आणि तिथली हळदीची पेवे असे विषय त्यांत आहेत. हे प्रिंट आणि काही निगेटिव्ह स्कॅन करण्याचे काम अर्ध्यावर आले आहे. दुसरा भाग मी स्वतः डिजिटल कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्रांचा आहे. त्यात २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आहेत, मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांच्या कामाची मालिका आहे आणि सागरेश्वरची हरणे व पक्षी आहेत. यातली बरीचशी रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलींत आहेत. तिसरा भाग मोबाइलचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या कौटुंबिक फोटोंचा.

आजची स्थिती अशी की काही छायाचित्रे लॅपटॉपवर, काही वेगवेगळ्या काळात घेतलेल्या दोन पोर्टेबल हार्ड डिस्कवर, काही जुन्या डीव्हीडींवर आणि थोडी पेन ड्राइव्हवर आहेत. एकच छायाचित्र तीन ठिकाणी तीन नावांनी सापडते आणि त्यातले मूळ कोणते ते पाहून कळत नाही.

आमचे घर गावभागात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, तर धोका पातळी ४५ फुटांची आहे. त्यामुळे आमच्याकडे पाणी येणे ही कल्पनेतली गोष्ट नाही. घरातली कागदपत्रे आणि डिस्क एकाच पिशवीत घालून आम्ही वर नेतो. आजपर्यंत ते निभावले आहे, परंतु सगळ्या प्रती एकाच घरात आहेत, ही गोष्ट मनाला लागून राहते.

उपकरण कोणते घ्यावे, क्लाउडवर किती विसंबावे, दुबार फाइली कशा काढाव्यात आणि माझ्यानंतर भाच्यांना यातले काही शोधायचे झाल्यास त्यांना ते सापडावे यासाठी काय करावे, या चार गोष्टींवर मार्गदर्शन मिळाल्यास आभारी होईन.


यवतेश्वर, सातारा

कृष्णातीर ताई, नमस्कार. मी साताऱ्यात लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कास पठारावर रानफुलांचे काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला व्यवसायातही रोजचा आहे आणि छंदातही.

आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी आली आहे : सगळ्या प्रती एकाच घरात आहेत. उपकरणाचा विचार त्यानंतर करावा. आमच्या क्षेत्रात ३-२-१ हा नियम रूढ आहे आणि पीटर क्रोघ या अमेरिकी छायाचित्रकाराने तो सर्वदूर पोचवला. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी, एवढाच तो नियम आहे. सांगलीत राहणाऱ्याने तो शेवटाकडून वाचावा, म्हणजे दुसऱ्या ठिकाणची प्रत आधी तयार करावी.

हे दुसरे ठिकाण निवडताना किती किलोमीटर दूर आहे यापेक्षा ते कोणत्या नदीच्या काठी आहे हे पाहावे. सांगलीकरांना सहज सुचणारे नाव कोल्हापूरचे असते, कारण तिथे प्रत्येकाचे कोणी ना कोणी असतेच. परंतु २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा एकाच सुमारास पात्राबाहेर होत्या, रस्ते बंद होते आणि दोन्ही शहरांतली माणसे एकाच आठवड्यात सामान वर चढवत होती. कराडला कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळचे घरही याच कारणाने नको. मिरज, पलूस, वाळवा आणि शिराळा तालुक्यांतली नदीकाठची गावेही टाळावीत. याउलट जत, आटपाडी, कवठेमहांकाळ किंवा विटा इकडे विश्वासाचे घर असेल तर आपल्या जिल्ह्यातच उत्तम सोय होते. ज्या भागाला पाण्यासाठी ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची वाट पाहावी लागली, तो भाग या कामाला सर्वांत सुरक्षित आहे.

प्रत्यक्षात मी असे सुचवेन. एकाच क्षमतेच्या दोन नव्या डिस्क घ्याव्यात. तीन टेराबाइट साठ्याला चार टेराबाइटची डिस्क पुरेल असे वाटते, परंतु ती संगणकाला लावल्यावर विंडोजमध्ये ३.६३ एवढीच दिसते, कारण कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. स्कॅनिंग अजून अर्धे बाकी आहे, म्हणून किमान पाच किंवा सहा टेराबाइटची घ्यावी. एक डिस्क घरी राहील आणि दुसरी बाहेरगावी. मृग निघण्यापूर्वी घरची ताजी डिस्क तिकडे द्यायची आणि तिकडची इकडे आणून अद्ययावत करायची. दिवाळीनंतर पुन्हा अदलाबदल. अशी वेळ ठरलेली असली की काम राहून जात नाही, आणि ऐन पावसाळ्यात सर्वांत अलीकडची प्रत कोरड्या जागी असते.

आता प्रत करण्याविषयी. फाइली उचलून दुसऱ्या डिस्कवर टाकल्या की विंडोज त्या लिहून मोकळे होते. लिहिलेले परत वाचून मुळाशी जुळते का, हे ते पाहत नाही. केबल सैल असेल किंवा डिस्कचा एखादा भाग खराब झाला असेल तर फाइलचे नाव आणि आकार बरोबर दिसतात, पण छायाचित्र उघडले की खालचा अर्धा भाग करड्या रंगाचा निघतो. त्यासाठी टेराकॉपीसारख्या प्रोग्राममध्ये प्रत झाल्यावर पडताळणी करण्याची सोय आहे ती चालू ठेवावी. फ्रीफाइलसिंक हा दुसरा मोफत प्रोग्राम दोन डिस्कची तुलना फाइलींच्या आशयावरून करतो, आणि एका बाजूला पुसलेली फाइल दुसऱ्या बाजूला कायमची न पुसता वेगळ्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवण्याचा पर्याय देतो. तो पर्याय अवश्य निवडावा. रोबोकॉपी ही विंडोजमधली आज्ञा जलद आहे, पण तिचा हुबेहूब प्रतिबिंब करणारा प्रकार वापरताना मूळ आणि प्रत यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरण्याऐवजी भरलेली डिस्क रिकामी होते. सवय नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

वेळेचा अंदाज असावा. यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टला लावलेली साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० मेगाबाइट लिहिते, म्हणजे तीन टेराबाइटला सव्वाआठ ते साडेआठ तास आणि पडताळणीला जवळजवळ तेवढेच. हेच जुन्या यूएसबी २ पोर्टवर केले तर एका दिवसाहून अधिक लागतो. लहान फाइली खूप असतील तर वेळ आणखी वाढतो. म्हणून हे काम रात्री लावून ठेवावे आणि लॅपटॉप झोपी जाण्याची सेटिंग बंद करावी.

एक गोष्ट माझ्या व्यवसायातली, पण आपल्यालाही उपयोगी. मेमरी कार्ड तेव्हाच फॉरमॅट करावे, जेव्हा त्यातली छायाचित्रे दोन ठिकाणी उतरली आहेत आणि दोन्हीकडून काही उघडून पाहिली आहेत. कासला धुके आणि पाऊस अंगावर घेऊन टिपलेला वायतुरा किंवा सीतेची आसवे पुढच्या वर्षी पुन्हा फुलतील, टोपली कारवी मात्र सात वर्षांनी बहरते.


मिरज जंक्शन, मिरज

संगणक आणि डिस्क दुरुस्तीच्या कामात असल्यामुळे फक्त उपकरणांविषयी लिहितो. यवतेश्वर सरांनी सांगितलेली पद्धत योग्य आहे.

पोर्टेबल डिस्क दोन प्रकारच्या मिळतात. अडीच इंची लहान डिस्क यूएसबी केबलवरच चालते. साडेतीन इंची मोठी डिस्क वेगळा अ‍ॅडॉप्टर मागते, पण तिचे खोके उघडले तर आत बहुधा साधी साटा डिस्क असते, जी कोणत्याही डेस्कटॉपला लावता येते. लहान डिस्कमध्ये अनेकदा यूएसबीचे सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डावरच झाळलेले असते. ते सॉकेट तुटले तर डेटा शाबूत असूनही तो काढण्याचे काम किचकट होते. म्हणून घरी एका जागी राहणारी प्रत मोठ्या डिस्कवर आणि ये-जा करणारी प्रत लहान डिस्कवर, अशी वाटणी मला योग्य वाटते. दोन्ही डिस्क वेगवेगळ्या कंपनीच्या किंवा निदान वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या असाव्यात, म्हणजे एकाच खेपेतला दोष दोघींत येत नाही.

एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली डिस्क, वेगवान आहे, पडली तरी सहसा बिघडत नाही, आणि रोजच्या कामासाठी तीच घ्यावी. कपाटात वर्षानुवर्षे बंद ठेवण्यासाठी ती घेऊ नये. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपाने साठते आणि वीज नसताना तो भार हळूहळू ओसरतो. उद्योगातल्या जेडेक मानकाप्रमाणे पूर्ण वापर होऊन झिजलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंश तापमानाला एक वर्ष माहिती धरून ठेवावी एवढीच अपेक्षा आहे. नवी एसएसडी त्याहून बरीच जास्त टिकते हे खरे, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात लोखंडी कपाटात किती तापते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पेन ड्राइव्हचा दर्जा तर याहूनही बेभरवशाचा असतो; तो फोटो एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्यापुरता वापरावा.

डीव्हीडींचे काम सर्वांत आधी हाती घ्या. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि ऊन, दमटपणा आणि वय या तिन्हींनी तो उतरतो. एखादी डीव्हीडी वाचली गेली नाही तर लगेच टाकून देऊ नका. दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये कमी वेगाने ती अनेकदा वाचली जाते.

जुन्या दोन डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये पाहावी. डिस्क स्वतःच्या कामाची नोंद ठेवत असते आणि हा प्रोग्राम ती दाखवतो. त्यात पुनर्वाटप झालेले सेक्टर आणि प्रलंबित सेक्टर अशा दोन ओळी असतात. त्यांच्यासमोरचा आकडा शून्य असेल तर ठीक. शून्याहून अधिक असेल आणि दर महिन्याला वाढत असेल, तर त्या डिस्कवरचे सगळे आधी बाहेर काढावे आणि मग तिच्यावर नवे काही लिहू नये. नोंद स्वच्छ असूनही डिस्क अचानक बंद पडू शकते, म्हणून या आकड्यांवर समाधान मानून बॅकअप टाळू नये.

विजेविषयी. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की डिस्क संगणकापासून काढून ठेवावी, आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएस असावा. लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइलच काय, पूर्ण फोल्डरांची यादीच बिघडू शकते. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर हा धोका एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा अधिक असतो. घरात सगळे संगणक विंडोजचे असतील तर एनटीएफएस ठेवावे. बॅकअपची डिस्क संगणकाला कायम जोडलेली ठेवणे दुसऱ्याही कारणाने चुकीचे आहे : खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर तो जोडलेल्या प्रत्येक डिस्कवरच्या फाइली कुलूपबंद करतो.

शेवटी सांगलीसाठी एक वेगळी सूचना, कारण २०१९ नंतर अशा डिस्क घेऊन लोक आले होते. हार्ड डिस्कच्या वरच्या झाकणावर बारीक छिद्र असते आणि शेजारी ते झाकू नये असे छापलेले असते. आतली आणि बाहेरची हवा समान दाबाची राहावी म्हणून ते ठेवलेले असते. डिस्क पुराच्या पाण्यात बुडली की तिथूनच गाळमिश्रित पाणी आत शिरते. अशी डिस्क सुरू करून पाहू नये, उन्हात किंवा तांदळात ठेवून वाळवू नये, केस वाळवण्याचे यंत्र तर मुळीच वापरू नये. पाणी वाळले की गाळ चकतीवर घट्ट बसतो, आणि त्यानंतर डिस्क फिरवली की वाचणारे टोक त्या गाळावर आपटून चकती खरवडते. ती ओलीच, हवा जाणार नाही अशा पिशवीत बंद करून, स्वच्छ खोलीत डिस्क उघडण्याची सोय असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेकडे पाठवावी. तो खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट असतो आणि यशाची हमी नसते.


ग्रंथपाल, विटा

कृष्णातीर ताई, वरील दोघांनी डिस्कविषयी पुरेसे लिहिले आहे. आपल्या शेवटच्या दोन प्रश्नांना, म्हणजे दुबार फाइली आणि भाच्यांना छायाचित्रे सापडणे, याला मी उत्तर देते. माझ्या मते साठ्याचे खरे मोल इथेच ठरते. १९६० च्या दशकातला सरकारी घाट ओळखू येईल, परंतु घाटावर उभे असलेले गृहस्थ कोण, हे सांगणारे माणूस गेले की ती माहिती कोणत्याही डिस्कवरून परत मिळत नाही.

दुबार फाइलींचे दोन प्रकार करावेत. पहिला प्रकार तंतोतंत एकसारख्या फाइलींचा, नाव वेगळे पण आशय एकच. यासाठी फाइलचा अंकठसा काढतात. एसएचए-२५६ या पद्धतीत प्रत्येक फाइलसाठी ६४ चिन्हांचा एक क्रमांक तयार होतो आणि फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी तो क्रमांक पूर्णपणे बदलतो. ज्या दोन फाइलींचा क्रमांक एक, त्या एकच. यातली एक पुसण्यात धोका नाही आणि हे काम प्रोग्रामवर सोपवता येते. या क्रमांकांची यादी साठ्यासोबतच जपून ठेवावी, म्हणजे काही वर्षांनी ती पुन्हा काढून जुन्या यादीशी ताडून पाहता येते आणि एखादी फाइल आतून बिघडली असेल तर ती नेमकी कळते.

दुसरा प्रकार दिसायला सारख्या, पण वेगळ्या फाइलींचा. यात व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या प्रती सर्वाधिक असतात. त्यांच्या नावात बहुधा डब्ल्यूए ही अक्षरे असतात, त्यांचा आकार लहान असतो आणि छायाचित्र केव्हा, कोणत्या कॅमेऱ्याने काढले याची फाइलमधली नोंद निघून गेलेली असते. ज्या प्रतीत ही नोंद शाबूत आहे आणि जिचे रुंदी-उंचीचे पिक्सेल सर्वाधिक आहेत ती मूळ समजावी. हे काम मात्र डोळ्यांनीच करावे. तसेच यापुढे नातेवाइकांकडून फोटो मागवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते.

नावे देताना फोल्डरची सुरुवात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने करावी, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. पुढे स्थळ आणि प्रसंग लिहावा. फोल्डरचे नाव देवनागरीत देता येते, परंतु जुन्या प्रोग्राममध्ये ते कधीकधी चौकोनांत बदलते, म्हणून फोल्डरची नावे रोमन अक्षरांत आणि सविस्तर माहिती मराठीत, अशी विभागणी करावी. सविस्तर माहिती फाइलच्या आतच लिहिता येते. डिजिकॅम हा मोफत प्रोग्राम त्यासाठी चांगला आहे. त्यात मथळा, माणसांची नावे, स्थळ असे सगळे मराठीत लिहिता येते. मात्र ही माहिती केवळ प्रोग्रामच्या स्वतःच्या कोशात न राहता फाइलमध्ये लिहिली जावी, असा पर्याय सेटिंगमध्ये निवडावा. रॉ फाइलींसाठी शेजारी एक्सएमपी नावाची छोटी जोडफाइल तयार व्हावी, हा पर्यायही तिथेच निवडावा. मूळ फाइल हलवताना तीही सोबत हलवावी.

स्कॅनविषयी. साध्या चार बाय सहा इंची प्रिंटला ६०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ६०० बिंदू, पुरेसे आहे. त्यातून सुमारे साडेआठ मेगापिक्सेलचे छायाचित्र मिळते आणि टिफ स्वरूपात एक फाइल साधारण २६ मेगाबाइटची होते. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हला किमान २४०० डीपीआय लागते, स्कॅनर चांगला असेल तर त्याहून अधिक घ्यावे. जुनी छायाचित्रे अल्बमच्या पानाला घट्ट चिकटली असतील तर ती ओढून काढू नयेत, पानासकट स्कॅन करावीत. प्रिंटची मागची बाजूही स्कॅन करावी, कारण वडिलांच्या हस्ताक्षरातली तारीख किंवा स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. आणि लक्षात घ्यावे की स्कॅन केलेल्या फाइलवर स्कॅनची तारीख पडते. ती दुरुस्त करून अंदाजे का होईना, मूळ वर्ष लिहावे, आणि अंदाज असेल तर 'सुमारे' हा शब्द मथळ्यात घालावा.

क्लाउडविषयी थोडक्यात. गूगल फोटोजवरची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून १५ गीगाबाइट मोफत मिळतात. जागा वाचवण्याचा पर्याय निवडला तर १६ मेगापिक्सेलहून मोठी छायाचित्रे लहान केली जातात, म्हणून मूळ दर्जाचाच पर्याय निवडावा. मोबाइलवरून फोटो पुसला की सहसा तो क्लाउडवरूनही जातो आणि काही दिवस कचरापेटीत राहून कायमचा पुसला जातो. त्यामुळे नुसते समक्रमण म्हणजे बॅकअप असे धरू नये. शिवाय दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल बंद करू शकते. त्याच कंपनीच्या खात्यात निष्क्रिय खाते व्यवस्थापक नावाची सोय आहे. तिथे भाच्यांपैकी एकाचे नाव नोंदवले तर खाते ठरावीक काळ वापरात नसल्यास त्यांना कळवले जाते आणि आपण निवडलेली माहिती त्यांना उतरवून घेता येते.


कृष्णातीर, सांगली

आपण तिघांनी इतक्या बारकाईने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. आटपाडीला माझी मावसबहीण असते, तिचे घर या कामाला योग्य आहे हे वाचताना लक्षात आले. डीव्हीडी उतरवण्याचे काम आजपासून सुरू करते.

दोन शंका उरल्या आहेत. पुण्यातला भाचा म्हणतो की दोन डिस्कचा नॅस, म्हणजे घरातल्या नेटवर्कला जोडलेले साठवणीचे खोके, घरी बसवावा, त्यात प्रत्येक फाइल आपोआप दोन्ही डिस्कवर लिहिली जाते आणि मग काळजी उरत नाही. हे कितपत बरोबर आहे? आणि दुसरे, मथळे लिहिण्याचे काम वर्षभर तरी चालेल; तोपर्यंत बॅकअप थांबवावा का, की अव्यवस्थित साठ्याचीच प्रत करावी?


मिरज जंक्शन, मिरज

नॅस वाईट नाही. घरातल्या सर्वांना आपापल्या संगणकावरून छायाचित्रे पाहायची असतील तर सोयीचा आहे. परंतु त्यातल्या दोन डिस्क एकाच खोक्यात, एकाच वीजजोडणीवर आणि एकाच खोलीत असतात. एक डिस्क बंद पडली तर दुसरीवर काम चालू राहते, एवढाच त्याचा लाभ. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी जाते, आणि पाणी आले तर दोन्ही एकत्र बुडतात. भाच्याला नॅस बसवायचाच असेल तर त्याने तो पुण्यात स्वतःच्या घरी बसवावा आणि आपली निवडक छायाचित्रे तिकडे पाठवण्याची सोय करावी. तेव्हा तो खरोखर दुसऱ्या ठिकाणची प्रत ठरेल. नॅससाठी डिस्क घेताना एसएमआर पद्धतीची, म्हणजे माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिणारी, घेऊ नये, तिच्यावर सलग लिहिताना वेग फार पडतो आणि बिघडलेली डिस्क बदलल्यावर नव्या डिस्कची भरपाई रखडते. डिस्क सीएमआर, म्हणजे पट्ट्या वेगवेगळ्या लिहिणारी, असल्याची खात्री दुकानदाराकडून नव्हे, कंपनीच्या माहितीपत्रकातून करावी.


यवतेश्वर, सातारा

दुसऱ्या शंकेचे उत्तर : थांबू नये. आहे त्या अव्यवस्थित स्थितीत सगळ्याची एक प्रत नव्या डिस्कवर करावी, तिची पडताळणी करावी, तिच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवावी आणि ती आटपाडीला पाठवावी. दुबार फाइली काढण्याचे काम त्यानंतरच सुरू करावे, कारण साठा नष्ट होण्याचा सर्वांत मोठा धोका आवराआवर करतानाच असतो. पुसलेले काही चुकीचे होते असे सहा महिन्यांनी कळले तरी ते आटपाडीच्या डिस्कवर मिळेल.

मग निवडीकडे यावे. तीन टेराबाइटमध्ये सगळे सारख्या मोलाचे नसते. वडिलांचे आणि काकांचे स्कॅन, तिन्ही महापुरांची छायाचित्रे आणि तंतुवाद्यांची मालिका पुन्हा मिळणार नाही; त्यांचा एक वेगळा फोल्डर करावा. तो दोनशे गीगाबाइटच्या आसपास बसला तर क्लाउडवर चढवणेही आवाक्यात येते : अपलोडचा वेग सेकंदाला २० मेगाबिट असेल तर सुमारे बावीस तास लागतील, तर पूर्ण तीन टेराबाइटला त्याच वेगाने दिवसरात्र सलग दोन आठवडे जातील. ३-२-१ मधली दुसऱ्या प्रकारच्या माध्यमाची अटही या निवडक भागापुरती तिथेच पूर्ण होते. पक्ष्यांच्या एका उड्डाणाच्या पन्नास फ्रेममधल्या पाच ठेवून बाकीच्या काढता येतील, पण हे पहिली प्रत आटपाडीला पोचल्यावर. या बाबतीत काही मित्र सगळ्या रॉ फाइली पुसून जेपेग ठेवायला सांगतात, ते मला मान्य नाही. पुराच्या दिवसांतला मळभाचा उजेड आणि गढूळ पाणी यांतले बारकावे रॉ फाइलमधून आजच्या प्रोग्राममध्ये पूर्वीपेक्षा चांगले निघतात, आणि आयर्विन पुलाच्या खांबावरची पाण्याची खूण वाचायची असेल तेव्हा तोच फरक कामाला येतो.

डिस्क आटपाडीहून परत आली की दर खेपेला एक काम करावे. वेगवेगळ्या वर्षांचे काही फोल्डर त्या डिस्कवरून आपल्या नसलेल्या, दुसऱ्या एखाद्या संगणकावर उतरवून प्रत्येक छायाचित्र पूर्ण आकारात उघडून पाहावे, रॉ फाइलीसुद्धा. जमल्यास हे भाच्याला शेजारी बसवून त्याच्याच हातून करून घ्यावे. डिस्कला पासवर्ड घातला असेल तर तो कुठे लिहून ठेवला आहे, जोडफाइली कशासाठी आहेत, मथळे कुठे दिसतात, हे त्याला तेव्हाच कळेल. त्याला जिथे अडेल ते एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मराठीत लिहून ती डिस्कच्या पहिल्या पातळीवर ठेवावी आणि तिचा छापील कागद डिस्कच्या खोक्यात घालावा.